फायबर टू द कॅबिनेट

फायबर टू द कॅबिनेट (संक्षेप: एफटीटीसी) ही घरगुती ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत आहे. या पद्धतीत दूरध्वनी केंद्रापासून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पेटीपर्यंत प्रकाशतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, टाकलेला असतो. त्या पेटीपासून ग्राहकाच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरूनच पार केला जातो. या पेटीला बोलीभाषेत आणि तांत्रिक लिखाणातही 'कॅबिनेट' असेच म्हणतात. तांब्याच्या टप्प्यावर सामान्यतः व्हीडीएसएल२ हे तंत्रज्ञान वापरले जाते.

युनायटेड किंग्डममध्ये २०१० नंतरच्या दशकात ही पद्धत घरगुती इंटरनेटचा मुख्य आधार ठरली. 'फायबर ब्रॉडबँड' या नावाने विकल्या गेलेल्या बहुसंख्य जोडण्या प्रत्यक्षात याच प्रकारच्या होत्या. एकाच रस्त्यावरच्या, एकाच कंपनीच्या आणि सारखेच शुल्क भरणाऱ्या दोन घरांना निरनिराळा वेग मिळतो, याचे कारण प्रकाशतंतूत नसून तांब्याच्या शेवटच्या काहीशे मीटरमध्ये असते. हा लेख प्रामुख्याने ब्रिटनमधील जाळ्याविषयी आहे. लेखात 'मेगाबिट' हा शब्द 'दर सेकंदाला मेगाबिट' या अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

दूरध्वनीची तार मुळात माणसाच्या आवाजासाठी टाकलेली होती. संभाषण समजण्यासाठी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा वारंवारतेचा पट्टा पुरतो, आणि तेवढ्यासाठी तांब्याची बारीक तार अनेक किलोमीटरपर्यंत उत्तम काम करते. त्याच तारेवर आवाजाच्या पट्ट्याच्या वरच्या वारंवारता मोकळ्या पडलेल्या असतात, हे लक्षात घेऊन एडीएसएल हे तंत्रज्ञान विकसित झाले. ब्रिटनमध्ये ते २००० साली घरोघरी उपलब्ध होऊ लागले. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे एडीएसएल२+ मध्ये, सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारता वापरून २४ मेगाबिटपर्यंत वेग शक्य झाला.

एडीएसएलची उपकरणे दूरध्वनी केंद्रात असल्यामुळे केंद्रापासून घरापर्यंतची संपूर्ण तार तांब्याचीच राहत असे. केंद्राजवळच्या घराला चांगला वेग मिळे, तर चार-पाच किलोमीटरवरच्या खेड्यातील घराला एक-दोन मेगाबिटवर समाधान मानावे लागे. तारेची लांबी कमी केल्याशिवाय वेग वाढणार नव्हता.

दुसऱ्या बाजूला प्रकाशतंतूचे तंत्रज्ञान परिपक्व झाले होते. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेतून असा निष्कर्ष मांडला की काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून संदेश दूरवर नेता येतील. या कार्यासाठी काओ यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या तंतूत संकेताचे क्षीणन किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल इतके अल्प असते. केंद्रे एकमेकांना जोडण्यासाठी हे तंतू आधीपासूनच वापरात होते. मात्र प्रत्येक घरापर्यंत नवा तंतू नेणे म्हणजे देशभर रस्ते खोदणे, खांबांवरून नव्या तारा ओढणे आणि घराघरांत कामगार पाठवणे. हा खर्च टाळण्यासाठी तंतू पेटीपर्यंत न्यावा आणि पुढची तार आहे तशीच वापरावी, असा मधला मार्ग काढण्यात आला.

रचना

केंद्रापासून पेटीपर्यंत

ब्रिटनमधील बहुतेक दूरध्वनी तारा केंद्रातून निघून आधी रस्त्यावरच्या एका हिरव्या पेटीत येतात आणि तेथून घरोघरी विभागल्या जातात. ही मूळ पेटी केवळ तारा जोडण्याची जागा असते. तिला विजेची गरज नसते. एफटीटीसीसाठी या जुन्या पेटीच्या जवळपास दुसरी, आकाराने मोठी पेटी उभारली जाते. नव्या पेटीत प्रकाशतंतू येऊन पोहोचतो आणि प्रकाशाच्या संकेतांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे उपकरण असते. या उपकरणाला डीएसलॅम म्हणतात. त्याला वीजपुरवठा लागतो, तसेच उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखे आणि वीज गेल्यास काही काळ पुरतील अशा बॅटऱ्याही लागतात.

जुनी आणि नवी पेटी जमिनीखालून तांब्याच्या तारांच्या जुडग्याने जोडलेली असते. ग्राहकाने जोडणी मागितल्यावर कर्मचारी जुन्या पेटीत त्याची तार शोधतो आणि ती नव्या पेटीतील उपकरणाच्या एका जागेशी जोडून देतो. अशा जागेला 'पोर्ट' म्हणतात.

पेटीपासून घरापर्यंत

पेटीतून निघालेली तार जमिनीखालून एखाद्या खांबापर्यंत किंवा वाटप-बिंदूपर्यंत जाते आणि तेथून घरात शिरते. वेगाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते एवढ्याच टप्प्याच्या लांबीला. केंद्रापासून पेटी किती दूर आहे, याने फारसा फरक पडत नाही, कारण तेवढे अंतर प्रकाशतंतू पार करतो. म्हणूनच केंद्रापासून पाच किलोमीटरवरच्या गावात, पेटीच्या शेजारी राहणाऱ्या घराला शहराइतकाच वेग मिळू शकतो. याउलट केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या घराची पेटी एक किलोमीटर दूर असेल, तर त्याला कमी वेग मिळतो.

येथे अंतर म्हणजे नकाशावरील सरळ रेषा नव्हे, तर तारेने प्रत्यक्ष घेतलेला मार्ग होय. तार रस्त्यांच्या वळणांनी जाते, चौकाला वळसा घालते आणि कधी पुढे जाऊन परतही येते. कोणते घर कोणत्या पेटीशी जोडायचे, हे अनेक ठिकाणी काही दशकांपूर्वी दूरध्वनीच्या सोयीने ठरलेले असते. त्यामुळे खिडकीतून दिसणारी पेटी ही त्या घराची पेटी असेलच असे नाही, आणि रस्त्याच्या दोन बाजूंची घरे दोन निराळ्या पेट्यांशी जोडलेली असू शकतात.

घरातील जोडणी

तार घरात येऊन मुख्य सॉकेटवर संपते. येथपर्यंतचे जाळे कंपनीच्या जबाबदारीचे आणि पुढची वायरिंग घरमालकाची, अशी विभागणी आहे. या सॉकेटवर एक गाळणी बसवली जाते. ती दूरध्वनीचा आवाज आणि ब्रॉडबँडचे संकेत वेगळे करते. त्यानंतर मोडेम, आणि बहुधा त्याच खोक्यात वाय-फाय राउटर, असा क्रम असतो.

कार्यपद्धती

व्हीडीएसएल२ हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९९३.२ या मानकानुसार चालते. ब्रिटनमध्ये त्याची '१७ए' ही श्रेणी रूढ आहे. तीत सुमारे १७.७ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरला जातो, म्हणजे एडीएसएल२+ च्या आठपट. हा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या ४,०९६ अरुंद वाहिन्यांत विभागलेला असतो. प्रत्येक वाहिनीवरून सेकंदाला सुमारे ४,००० वेळा संकेत पाठवला जातो आणि एका संकेतात जास्तीत जास्त १५ बिट बसवता येतात. म्हणजे उत्तम स्थितीतील एक वाहिनी सेकंदाला सुमारे ६० किलोबिट माहिती वाहून नेते.

कोणत्या वाहिनीवर किती बिट ठेवायचे, हे तेथील संकेत गोंगाटाच्या किती वर आहे यावरून ठरते. ढोबळमानाने प्रत्येक जादा बिटसाठी संकेताची पातळी ३ डेसिबलने अधिक असावी लागते. जोडणी सुरू होताना घरातील मोडेम आणि पेटीतील उपकरण सर्व वाहिन्या तपासून पाहतात आणि प्रत्येकीला झेपेल एवढाच भार देतात. गोंगाट अचानक वाढला तर जोडणी तुटू नये म्हणून थोडी क्षमता राखून ठेवतात. ब्रिटनमध्ये ही राखीव मर्यादा सामान्यतः ६ डेसिबल असते.

डाउनलोड आणि अपलोड यांसाठी पट्ट्याचे वेगवेगळे भाग आलटून पालटून राखून ठेवलेले असतात. डाउनलोडच्या वाट्याला अधिक भाग येत असल्यामुळे ८० मेगाबिट डाउनलोडच्या जोडणीला अपलोड २० मेगाबिटच असतो. लांब तारेवर वरच्या वारंवारतांचे भाग आधी निकामी होतात. त्यामुळे अशा घरांत डाउनलोडबरोबर अपलोडही झपाट्याने घटतो.

वेगावर परिणाम करणारे घटक

अंतर

तांब्याच्या तारेत संकेताचे क्षीणन दोन प्रकारे वाढते. लांबी दुप्पट झाली की डेसिबलमधील क्षीणन दुप्पट होते. वारंवारता चौपट झाली की ते साधारण दुप्पट होते. व्हीडीएसएल२ चा वेग उंच वारंवारतांवर अवलंबून असल्यामुळे त्याला अंतराचा फटका लवकर बसतो. सुस्थितीतील तांब्याच्या तारेवर पेटीपासूनच्या अंतरानुसार डाउनलोडचा अपेक्षित वेग साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

• १०० मीटरपर्यंत: ८० मेगाबिट, म्हणजे सेवेची कमाल मर्यादा
• ३०० मीटरच्या आसपास: ४५ ते ६० मेगाबिट
• ५०० मीटरच्या आसपास: ३५ ते ४५ मेगाबिट
• १ किलोमीटरच्या आसपास: २० ते २५ मेगाबिट
• १.५ किलोमीटरच्या आसपास: १५ मेगाबिट किंवा त्याहून कमी

हे आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्यक्षातील वेग पुढील घटकांमुळे याहून कमी किंवा अधिक असू शकतो. दीड-दोन किलोमीटरपलीकडे एफटीटीसीचा लाभ झपाट्याने कमी होतो.

तारेचा धातू आणि स्थिती

सर्व तारा तांब्याच्या नाहीत. तांबे महाग झाल्याच्या काळात, विशेषतः १९७० च्या दशकात, ब्रिटनमध्ये काही भागांत ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. ॲल्युमिनियमचा विद्युत रोध अधिक असतो आणि त्याचे सांधे गंजण्याची शक्यताही अधिक असते. अशा भागात अंतरावरून बांधलेला अंदाज चुकतो. सांध्यात ओल शिरणे, वेष्टन फाटणे किंवा जोड सैल होणे यांमुळेही वेग घटतो. पावसाळी हवेत वारंवार तुटणारी जोडणी हे अनेकदा अशा सांध्याचे लक्षण असते.

क्रॉसटॉक

एका जाड केबलमध्ये अनेक घरांच्या तारा एकत्र पिळलेल्या असतात. एका तारेतील संकेताचा अंश शेजारच्या तारेत झिरपतो आणि तेथे गोंगाट म्हणून उमटतो. याला क्रॉसटॉक म्हणतात. पेटीवरचा पहिला ग्राहक शांत केबलमध्ये एकटा असतो. शेजारी जसजसे ही सेवा घेतात तसतसा त्याचा वेग कमी होत जातो, आणि यात कोणाच्याही उपकरणात बिघाड नसतो. ओपनरीच या कंपनीच्या वेग-अंदाजात एका घरासाठी दोन पल्ले दिले जातात: 'अ' पल्ला निर्दोष तारेसाठी आणि 'ब' पल्ला काही दोष असलेल्या तारेसाठी.

क्रॉसटॉकवरचा उपाय म्हणजे व्हेक्टरिंग. यात पेटीतील उपकरण सर्व तारांवरील संकेतांचे एकत्रित गणित मांडते आणि प्रत्येक तारेवर अपेक्षित गोंगाटाच्या उलट संकेत आधीच मिसळते. हे मानक जी.९९३.५ या नावाने २०१० मध्ये मंजूर झाले. जर्मनीत त्याचा व्यापक वापर झाला. ब्रिटनमध्ये तो मर्यादित राहिला.

घरातील वायरिंग

घरात एकाहून अधिक टेलिफोन सॉकेट असल्यास त्यांच्या तारा अँटेनासारख्या काम करतात आणि विद्युत गोंगाट पकडतात. जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये टेलिफोनची घंटा वाजवण्यासाठी एक तिसरी तार असे. आधुनिक दूरध्वनीला तिची गरज नाही, पण ती मुख्य जोडीचा समतोल बिघडवते. कुठेही न जोडता सोडून दिलेल्या शाखाही संकेत परावर्तित करून हानी करतात. मुख्य सॉकेटचा खालचा भाग काढल्यावर आत चाचणीचे सॉकेट दिसते आणि घरातील उर्वरित वायरिंग त्या वेळी आपोआप वेगळी होते. मोडेम तेथे जोडल्यावर वेग वाढला तर दोष घरात आहे, आणि तसाच राहिला तर तो बाहेरच्या तारेत असण्याची शक्यता अधिक, असे अनुमान काढता येते.

स्वयंचलित नियंत्रण

जाळ्यातील संगणकप्रणाली प्रत्येक तारेवरील चुका आणि जोडणी तुटण्याच्या घटना सतत नोंदवत असते. त्या फार झाल्या तर ती वेगावर मर्यादा घालते किंवा माहिती विखरून पाठवून चुका दुरुस्त करण्याची पद्धत लागू करते. त्यामुळे जोडणी स्थिर होते, पण वेग कमी होतो किंवा प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो. वेग वाढेल या आशेने मोडेम वारंवार बंद-चालू केल्यास ही प्रणाली त्या तारेला अस्थिर समजू शकते, आणि परिणाम उलटा होतो.

वेगाची निरनिराळी मोजमापे

ग्राहक आणि सेवादाता यांच्यातील अनेक वाद 'वेग' या एकाच शब्दाने निरनिराळ्या गोष्टी दर्शविल्या जात असल्यामुळे उद्भवतात.

• सिंक वेग: मोडेम आणि पेटीतील उपकरण यांच्यात ठरलेला वेग. तो मोडेमच्या माहितीपानावर दिसतो आणि तारेची खरी स्थिती सांगतो.
• उपयुक्त वेग: सिंक वेगातून तांत्रिक वेष्टनाचा भार वजा जाता उरणारा वेग. बीटीच्या जाळ्यात तो सिंकच्या ९६.७९ टक्के धरला जातो. म्हणजे ८० मेगाबिट सिंक असलेल्या तारेवर सुमारे ७७.४ मेगाबिट.
• मोजलेला वेग: चाचणी-संकेतस्थळावर दिसणारा वेग. यात वाय-फाय, संगणकाची क्षमता, घरातील इतरांचा वापर आणि संध्याकाळची गर्दी यांचाही परिणाम मिसळलेला असतो.
• जाहिरातीतील वेग: अनेक ग्राहकांच्या आकडेवारीवरून काढलेला वेग. तो एखाद्या विशिष्ट घराविषयी काहीच सांगत नाही.

तारेचा दोष शोधायचा असेल तर चाचणीचा संगणक केबलने राउटरला जोडून मोजलेला वेग सिंक वेगाशी ताडून पाहावा लागतो. सिंक ६० आणि वाय-फायवर २० मेगाबिट दिसत असल्यास पेटीचा किंवा तारेचा दोष नसतो.

बिट आणि बाइट यांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो. जोडणीचा वेग बिटमध्ये, तर फाइलचा आकार बाइटमध्ये सांगितला जातो, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. १ गिगाबाइटची फाइल म्हणजे ८,००० मेगाबिट. ती ८० मेगाबिटच्या जोडणीवर १०० सेकंदांत, २४ मेगाबिटच्या जोडणीवर सुमारे साडेपाच मिनिटांत आणि २ मेगाबिटच्या जोडणीवर एक तासाहून अधिक काळात उतरते.

ब्रिटनमधील प्रसार

ब्रिटनमधील बहुतेक स्थानिक तारांचे जाळे ओपनरीच या बीटी समूहातील कंपनीकडे आहे. इतर सेवादात्यांनाही या तारा समान अटींवर मिळाव्यात म्हणून २००६ मध्ये तिची स्वतंत्र विभाग म्हणून स्थापना झाली. त्यामुळे ग्राहकाने सेवादाता बदलला तरी पेटी आणि तार सहसा तीच राहते. हल शहर याला अपवाद आहे. तेथील जाळे केकॉम या वेगळ्या कंपनीचे आहे.

बीटीने २००८ मध्ये १.५ अब्ज पाउंड खर्चून २०१२ पर्यंत १ कोटी घरांपर्यंत प्रकाशतंतूवर आधारित सेवा नेण्याची योजना जाहीर केली. २०१० मध्ये ही रक्कम २.५ अब्ज पाउंड आणि उद्दिष्ट देशातील दोन-तृतीयांश घरे असे वाढवण्यात आले. २००९ मध्ये लंडनमधील मसवेल हिल आणि कार्डिफजवळील व्हिटचर्च येथे चाचण्या झाल्या, आणि २०१० च्या प्रारंभी व्यावसायिक सेवा सुरू झाली. आरंभी कमाल वेग ४० मेगाबिट होता. एप्रिल २०१२ मध्ये अधिक रुंद पट्टा वापरून तो ८० मेगाबिट करण्यात आला. पेट्यांतील उपकरणे मुख्यतः ह्वावे आणि ईसीआय या कंपन्यांची होती.

ग्रामीण भागात पेटी उभारण्याचा खर्च ग्राहकसंख्येच्या मानाने परवडणारा नव्हता. त्यासाठी सरकारने 'ब्रॉडबँड डिलिव्हरी यूके' या यंत्रणेमार्फत अनुदान दिले. सरकारी व्याख्येनुसार २४ मेगाबिट किंवा अधिक वेग म्हणजे 'सुपरफास्ट'. २०१७ च्या अखेरीपर्यंत ९५ टक्के घरांना तो उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. उरलेल्या घरांत पेटीपासून दूर असलेल्या वाड्या-वस्त्यांचा वाटा मोठा होता. म्हणजे गावात पेटी आली, पण गावाबाहेरची शेतघरे तिच्या आवाक्याबाहेर राहिली.

पेटीच्या जोडणीतील अडचणी

थेट केंद्राशी जोडलेल्या तारा

काही घरांच्या तारा कोणत्याही पेटीतून न जाता थेट केंद्रातून येतात. केंद्राच्या परिसरातील इमारतींत हे विशेष आढळते. एडीएसएलच्या काळात ही घरे भाग्यवान मानली जात. एफटीटीसी आल्यावर मात्र पेटीच नसल्यामुळे तीच घरे मागे पडली. त्यांच्यासाठी केंद्राजवळ नवी पेटी उभारून तारा तिच्यातून फिरवाव्या लागल्या, आणि शहरांच्या मध्यवर्ती भागांत हे काम रेंगाळले.

पेटी भरणे

पेटीतील उपकरणात पोर्टची संख्या मर्यादित असते; लहान पेट्यांत ती १०० च्या आसपास, तर मोठ्यांत सुमारे २५० ते ३०० असते. सर्व पोर्ट वापरात आले की नव्या ग्राहकाला प्रतीक्षा करावी लागते. जादा कार्ड बसवून किंवा शेजारी दुसरी पेटी उभारून क्षमता वाढवली जाते.

परवानगी आणि वीज

नवी पेटी पदपथावर उभी राहत असल्यामुळे स्थानिक प्रशासनाशी संबंध येतो. लंडनमधील केन्सिंग्टन आणि चेल्सी या बरोने परिसराच्या सौंदर्याला बाध येतो या कारणाने पेट्यांचे अनेक अर्ज नाकारले, आणि २०१२ मध्ये बीटीने तेथील काम थांबवले. २०१३ च्या कायद्याने अशा पेट्यांवरील नियोजनाच्या अटी शिथिल केल्या. काही ठिकाणी पेटी तयार असूनही वीजजोडणी न मिळाल्याने ती कार्यान्वित होण्यास विलंब झाला.

जाहिराती, ग्राहकहक्क आणि 'फायबर' शब्दाचा वाद

एप्रिल २०१२ पासून लागू झालेल्या नियमानुसार 'अमुक मेगाबिटपर्यंत' असे म्हणण्यासाठी किमान १० टक्के ग्राहकांना तो वेग मिळणे पुरेसे होते. म्हणजे १० पैकी ९ ग्राहकांना तो मिळाला नाही तरी जाहिरात नियमात बसत असे. २३ मे २०१८ पासून हा नियम बदलला. आता रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच जाहिरातीत सांगता येतो.

दूरसंचार नियामक ऑफकॉमच्या ऐच्छिक आचारसंहितेत मार्च २०१९ पासून आणखी तरतुदी आल्या. संहिता स्वीकारलेल्या कंपनीने विक्रीच्या वेळीच त्या घरासाठी हमीचा किमान वेग सांगावा लागतो. वेग त्याखाली गेला आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर ग्राहकाला दंडाशिवाय करार सोडता येतो. या तरतुदीमुळे ग्राहकाचा हक्क सरासरीवर नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या तारेवर आधारलेला झाला. २० मार्च २०२० पासून १० मेगाबिट डाउनलोड आणि १ मेगाबिट अपलोड एवढी जोडणी मागण्याचा कायदेशीर हक्कही लागू झाला. मात्र जोडणीच्या खर्चाला मर्यादा घालण्यात आली.

शेवटचा टप्पा तांब्याचा असलेल्या सेवेला 'फायबर' म्हणावे का, हा वाद दीर्घकाळ चालला. जाहिरात नियामकाने २०१७ मध्ये हा शब्द सामान्य ग्राहकाची दिशाभूल करीत नाही असे ठरवले. घरापर्यंत तंतू नेणाऱ्या सिटीफायबर या कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले, परंतु २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. पुढे ऑफकॉमने सप्टेंबर २०२४ पासून लागू केलेल्या मार्गदर्शनानुसार कंपन्यांनी विक्रीच्या वेळी 'पूर्ण फायबर', 'अंशतः फायबर', 'तांबे' किंवा 'केबल' अशा स्पष्ट शब्दांत तंत्रज्ञान सांगणे अपेक्षित आहे. एफटीटीसी यांपैकी 'अंशतः फायबर' गटात मोडते.

पुढील टप्पे

तांब्याची तार आणखी ताणून वापरण्याचा प्रयत्न जी.फास्ट या तंत्रज्ञानाने झाला. त्याची उपकरणे जुन्या पेटीला जोडलेल्या लहान खोक्यात बसवली जात आणि ३३० मेगाबिटपर्यंत वेग मिळे. मात्र त्याचा लाभ पेटीपासून काहीशे मीटरपर्यंतच्या घरांपुरता राहिला. जी घरे आधीच सुस्थितीत होती त्यांनाच तो मिळाला, आणि ओपनरीचने पुढे त्याचा विस्तार थांबवला.

त्यानंतर भर घरापर्यंतच्या पूर्ण फायबरवर आहे. ओपनरीचने डिसेंबर २०२६ पर्यंत २.५ कोटी घरे आणि व्यवसाय यांच्यापर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. या पद्धतीत वीज न लागणाऱ्या विभाजकांमधून एक तंतू अनेक घरांत वाटला जातो. वेग पेटीपासूनच्या अंतरावर अवलंबून राहत नाही आणि रस्त्यावर वीज लागणारी पेटीही लागत नाही. एखाद्या केंद्राच्या क्षेत्रात ७५ टक्के ठिकाणी पूर्ण फायबर उपलब्ध झाल्यावर, ते मिळू शकणाऱ्या घरांना तांब्यावरील नव्या जोडण्या विकणे टप्प्याटप्प्याने बंद केले जाते. जुनी ॲनालॉग दूरध्वनी सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे नियोजन आहे. तोपर्यंत पूर्ण फायबर न पोहोचलेल्या घरांसाठी दूरध्वनी सेवेशिवायची एफटीटीसी जोडणी दिली जाते.

इतर देशांतील वापर

जर्मनीत दॉइशे टेलिकॉमने व्हेक्टरिंगसह ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. २०१८ पासून '३५बी' या अधिक रुंद पट्ट्याच्या श्रेणीत २५० मेगाबिटपर्यंत वेग देण्यास सुरुवात झाली.

ऑस्ट्रेलियात २००९ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेत ९० टक्के घरांपर्यंत तंतू नेण्याचा संकल्प होता. २०१३ च्या सत्तांतरानंतर खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी रस्त्यावरील पेट्या आणि तांबे यांचा समावेश असलेली मिश्र योजना स्वीकारली गेली. २०२० पासून त्यांतील अनेक घरांना पुन्हा तंतू देण्याचे काम हाती घेण्यात आले. मधला मार्ग खरोखर स्वस्त ठरला का, या चर्चेत हे उदाहरण वारंवार दिले जाते.

भारतातील स्थिती

भारतात रस्त्यावरील पेटी आणि तांबे हा टप्पा ब्रिटनइतका व्यापक झाला नाही. घरगुती दूरध्वनी तारांचे जाळे लोकसंख्येच्या मानाने विरळ होते आणि मोबाइलच्या प्रसारानंतर ते आकुंचन पावले. ब्रॉडबँडची मागणी वाढली तेव्हा बीएसएनएलची 'भारत फायबर', सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली जिओ फायबर आणि इतर कंपन्यांच्या सेवांनी थेट घरापर्यंत तंतू नेला. महाराष्ट्रातील शहरांत इमारतीपर्यंत तंतू आणि तेथून सदनिकांपर्यंत इथरनेट केबल, अशी मांडणीही आढळते. तिच्यात केबलची लांबी थोडी असल्यामुळे अंतराचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेला राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर प्रकल्प पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने झाले. या योजनेत तंतू प्रथम ग्रामपंचायतीपर्यंत जातो. तेथून वाड्या-वस्त्यांवरील घरांपर्यंतचा टप्पा स्वतंत्रपणे पार करावा लागतो. तंत्रज्ञान निराळे असले तरी शेवटच्या टप्प्याचा प्रश्न येथेही उरतो.

हे सुद्धा पहा

• ऑप्टिकल फायबर
• एडीएसएल
• ब्रॉडबँड
• चार्ल्स काओ
• ऑफकॉम
• भारतनेट